शेतातले गमबूट, डोंगरातले बूट: पावसाळ्यात पायात काय घालावे?

पावसाळा सुरू झाला की दवाखान्यात पायांच्या तक्रारी वाढतात. बोटांच्या बेचक्यात चिखल्या, टाचेवर फोड, काटा रुतून चिघळलेली जखम. सोबत एक प्रश्नही असतो, "डॉक्टर, पाणी अजिबात शिरणार नाही असा बूट कोणता?" पाणी बाहेरून येते, तसे आतूनही येते. बंद गमबुटात तीन-चार तास काम केले की घामानेच मोजा भिजतो आणि त्वचा पांढरी, मऊ पडते. अशा त्वचेत बुरशी आणि जंतू सहज शिरतात. म्हणून तुमचे काम कुठले, पाणी किती खोल आणि आत गेलेले पाणी बाहेर कसे पडणार, हे पाहून पादत्राण निवडा.

शेतात गमबूट का?

बांधावर गवत कापणे, गोठा साफ करणे, पाणी लावणे, पेंढा उचलणे या कामांना गुडघ्याच्या थोडा खाली येणारा गमबूट उत्तम. सर्पदंश बहुतेक वेळा पायाच्या खालच्या भागावरच होतात. घोणस आणि फुरसे गवतात, पाचोळ्यात दबा धरून असतात. जाड गमबूट त्या दंशापासून बऱ्याच अंशी वाचवतो. दुसरा धोका लेप्टोस्पायरोसिसचा. उंदीर आणि गुरांच्या लघवीतून हे जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि पायावरच्या लहानशा खरचटण्यातूनही शरीरात शिरतात.

स्वस्त गमबूट पीव्हीसीचे असतात. धुवायला सोपे, पण वाकण्याच्या जागी कालांतराने तडकतात. रबराचे बूट अधिक मऊ आणि चालायला सोयीचे, मात्र डिझेल-ऑइल लागले की फुगतात आणि उन्हात ठेवले की लवकर खराब होतात. विकत घेताना बूट दोन्ही हातांनी वाकवून पाहा, तळव्याच्या खाचा खोल आहेत का ते बघा. "वापरून सैल होईल" असे दुकानदार म्हणाला तर घेऊ नका; पीव्हीसी सैल होत नाही.

फवारणीच्या वेळी विजारीचे पाय बुटाच्या बाहेर, वरून सोडा, म्हणजे ओघळणारे औषध बुटात जाणार नाही. चामड्याचे किंवा कापडी बूट या कामाला वापरू नका, ते औषध शोषून घेतात आणि धुऊनही पूर्ण साफ होत नाहीत. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने अनेक शेतकरी आणि मजूर दगावले. अंगावर पुरेसे संरक्षण नसणे हे त्यामागचे एक कारण होते.

भातलावणीची गोष्ट वेगळी. गुडघाभर चिखलात गमबूट रुतून बसतो, पाय वर येतो आणि बूट खालीच राहतो. लावणी अनवाणी होते, हे आम्हा डॉक्टरांनाही माहीत आहे. मग निदान एवढे करा: पायावर जखम असेल तर पाणी न शिरणारी पट्टी लावून उतरा किंवा जखम भरेपर्यंत लावणीला जाऊ नका. काम संपताच साबणाने पाय धुऊन बेचक्या कोरड्या करा. धनुर्वाताची लस वेळेवर घ्या. तुमच्या भागात लेप्टोचे रुग्ण सापडत असतील तर प्रतिबंधक गोळ्यांबद्दल प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. स्वतःच्या मनाने घेऊ नका.

डोंगरात गमबूट नको

सह्याद्रीत पावसाळी भटकंतीला गमबूट घालून जाणे धोक्याचे. घोटा सैल राहतो, टाच आत घसरते आणि शेवाळलेल्या कातळावर कडक तळवा पकड घेत नाही. महागडे जलरोधक ट्रेकिंग बूटही इथे अपेक्षाभंग करतात. आपला पाऊस आडवा-तिडवा असतो, ओढे ओलांडावे लागतात, आणि घोट्यावरून आत गेलेले पाणी मग बुटातच साचून राहते. हिमालयातल्या बर्फात तेच बूट खरे उपयोगी. सह्याद्रीसाठी माझे मत जाळीदार वरचा भाग आणि मऊ रबरी, खोल खाचांचा तळवा असलेल्या बुटांना. ते भिजतात, पण पाणी बाहेर टाकतात. मोजे सुती नकोत, लोकरीचे किंवा नायलॉनचे घ्या; एक कोरडा जोड पिशवीत ठेवा.

माप

दिवसभरात पाय थोडे सुजतात, म्हणून संध्याकाळी आणि नेहमीचे मोजे घालून खरेदी करा. पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी, टाच उचलली जाता कामा नये. उतारावर बोटे पुढे आदळली तर नखे काळी पडतात.

मधुमेह असेल, पायाला बधिरपणा असेल तर घट्टपणा जाणवतच नाही. अशांनी कागदावर उभे राहून पावलाची रेघ काढावी आणि तो कागद कापून बुटात घालून पाहावा. कडा दुमडल्या तर बूट अरुंद आहे. नवा बूट पहिल्या दिवशी तासभरच घाला, मग पाय नीट बघा. तळवा दिसत नसेल तर आरसा वापरा किंवा घरच्यांना बघायला सांगा. शेतातही अनवाणी जाऊ नका. लावणीचे काम घरातल्या दुसऱ्या कोणाला देता आले तर द्या.

घालण्यापूर्वी आणि काढल्यानंतर

बूट उलटा करून आपटल्याशिवाय पाय घालू नका. कोकणात लाल विंचू बुटात दडून बसतो, आणि त्याचा दंश लहान मुलांना जिवावर बेतू शकतो. काढल्यावर आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवा. चुलीजवळ ठेवलेला बूट तडकतो. रोजचे काम असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरा. एकमेकांचे ओले बूट घालू नका, बुरशी अशीच घरभर फिरते.

लगेच दवाखान्यात कधी जावे?

साप चावल्यास घट्ट दोरी बांधू नका, जखम कापू नका. पाय न हलवता थेट रुग्णालय गाठा. मधुमेही व्यक्तीच्या पायावर फोड किंवा जखम दिसली, तर दुखत नसली तरी त्याच दिवशी दाखवा. चिखलात काम केल्यानंतर महिनाभरात ताप, अंगदुखी, पोटऱ्यांत तीव्र वेदना, लाल डोळे, कावीळ किंवा लघवी कमी होणे यांपैकी काही झाले तर अंगावर काढू नका, आणि पाण्यात काम केले होते हे डॉक्टरांना न विचारताही सांगा.