ज्येष्ठतेची यादी

वैमानिकाला वेतनाहूनही मोलाचा असतो तो ज्येष्ठतेच्या यादीतील आपला क्रमांक. कोणते विमान मिळणार आणि मंदीत घरी कोण बसणार, हे त्यावरच ठरते. २००५ साली अमेरिकेत यूएस एअरवेज व अमेरिका वेस्ट या कंपन्या एक झाल्या. दोन याद्या मात्र एक होईनात. मे २००७ मध्ये लवाद जॉर्ज निकोलाऊ यांनी निवाडा दिला. यूएस एअरवेजचे ५१७ वैमानिक अग्रभागी राहिले. पण वर्षानुवर्षे सेवा करून कपातीत घरी बसलेले त्यांचे सहकारी, अमेरिका वेस्टच्या नवख्या तरुणांच्याही खाली गेले. त्यांचा संताप समजण्यासारखा होता. परंतु निवाडा मान्य करण्याचे वचन दोन्ही पक्षांनी आधीच दिले होते.

यूएस एअरवेजचे वैमानिक संख्येने अधिक. त्यांनी एप्रिल २००८ मध्ये एअर लाइन पायलट्स असोसिएशनचे नेतृत्व झुगारले व सेवाकालाच्या तत्त्वावर उभी असलेली नवी संघटना निवडून आणली. अमेरिका वेस्टच्या वैमानिकांनी वर्गणी भरावी आणि तिच्यातूनच त्यांच्याविरुद्ध वकील उभे राहावेत, असा विलक्षण प्रकार सुरू झाला! २०१३ मध्ये कंपनी अमेरिकन एअरलाइन्समध्ये विलीन झाली, तरी तंटा चालूच होता. अखेर जून २०१५ मध्ये अपील न्यायालयाने, नव्या संघटनेने निष्पक्ष प्रतिनिधित्वाचे कर्तव्य मोडल्याचे ठरविले, आणि निकोलाऊंच्या निवाड्याचा पुरस्कार करणार नसेल तर यादीच्या कामकाजात तिला मज्जाव केला. तिन्ही कंपन्यांच्या वैमानिकांची एकत्र यादी सप्टेंबर २०१६ मध्ये ठरली.