कातारी, त्याचें यंत्र आणि परीक्षक

हत्याराची परीक्षा तें विकणारानें करावी कीं वापरणारानें, हा प्रश्न जाहिरातींच्या युगांत निघाला अशी पुष्कळांची समजूत असते. कातकामाविषयींच्या इंग्रजी ग्रंथांचा इतिहास पाहिला म्हणजे ही समजूत टिकत नाहीं.

लंडनचा जोसेफ मॉक्सन हा मुद्रक, पृथ्वीचे गोल तयार करणारा आणि दुसऱ्या चार्ल्स राजाच्या पदरचा सागरी नकाशांचा जाणकार. त्यानें 1678 पासून ‘मेकॅनिक एक्झरसाइजेस’ हें पुस्तक मासिक अंकांच्या रूपानें काढण्यास आरंभ केला. लोहारकाम व सुतारकाम यांच्यामागून त्यांत कातकामहि आलें. पोथीपंडितांच्या काळांत कारागिरांच्या धंद्यांवर मासिक काढणें हें लहान धाडस नव्हे. त्यानें वर्णिलेलें साधें यंत्र असें: डोक्यावर एक लवचिक काठी, तिला बांधलेली दोरी लांकडाभोंवतीं वेढा घेऊन खालीं पायफळीस जाते. फळी दाबली कीं लांकूड कातारीकडे फिरतें, सोडली कीं काठी तें उलट फिरवते. म्हणजे निम्मा वेळ हत्यार रिकामें! जड कामासाठीं दुसरी योजना. वेगळा मनुष्य मोठें चाक फिरवितो व लांकूड एकाच दिशेनें अखंड फिरतें.

कोणतें यंत्र श्रेष्ठ हें न सांगतां कोणतें कोणत्या कामाचें हें मॉक्सन सांगतो, आणि येथेंच तो पुढील अनेक परीक्षकांच्या पुढें जातो. मात्र त्याच्या ग्रंथांतील कांहीं चित्रें फेलिबिआं या फ्रेंच लेखकाच्या 1676 च्या पुस्तकावरून उचललेलीं आहेत. वर्णन इंग्रजी कारखान्याचें आणि चित्र फ्रेंच हत्याराचें, हा प्रकार वाचकाला फसविणारा खरा. तो बुद्धिपुरस्सर होता असें मात्र मी म्हणणार नाहीं.

आतां वजनाविषयीं. ‘जितकें यंत्र जड तितकें चांगलें’ हें सूत्र आजचे परीक्षकहि सहज उच्चारतात. त्यांत तथ्य आहे. ओबडधोबड ओंडका यंत्रावर चढविला असतां त्याचा भार मध्यापासून ढळलेला असतो. वेग दुप्पट केला तर त्यामुळें बसणारा हिसका चौपट होतो. तो हिसका पचविण्यास जड बैठकच हवी, नाहींतर यंत्र नाचूं लागतें आणि हत्यार हातांतून उडतें. परंतु इंग्लंडांतील चिल्टर्न टेंकड्यांतले कातारी विसाव्या शतकापर्यंत बीचच्या रानांतच काठीचें यंत्र उभारून खुर्च्यांचे पाय कातीत. लांकूड ओलें, म्हणून मऊ, काम बारीक, वेग थोडा. तेथें दोन मणांची बैठक वाहून नेणारा शहाणा कोण म्हणावा? आमच्या सावंतवाडीच्या कारागिरासहि फिरत्या खेळण्यावर लाखेची कांडी दाबून घर्षणाच्या उष्णतेनें ती सारखी पसरली कीं नाहीं, हीच परीक्षा कळते. यंत्राचें वजन विचारल्यास तो हंसेल.

स्ट्रासबुर्गहून 1792 मध्यें लंडनला आलेल्या होल्ट्झापफेल घराण्यापाशीं प्रश्नाचें स्वरूप पालटतें. हे स्वतः यंत्रें बनविणारे. त्यांचें पहिलें लेथ 1795 मध्यें पंचवीस पौंडांहून अधिक किंमतीस विकलें गेलें, आणि गिऱ्हाईक बहुधा हौशी श्रीमंत. मूळ पुरुषाचा मुलगा चार्ल्स यानें 1843 मध्यें ‘टर्निंग अँड मेकॅनिकल मॅनिप्युलेशन’ या ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध केला. लांकडें, हस्तिदंत, धातु यांविषयीं इतकी अस्सल माहिती क्वचितच आढळेल. कारण ती दुकानदाराची नव्हे, कारागिराची आहे. तथापि प्रतिस्पर्ध्याच्या यंत्राशीं निःपक्ष तुलना त्यांत शोधूं नये. ज्याला सर्वांत अधिक कळतें त्याचाच माल विकावयाचा असतो, ही अडचण कोणा एकाच्या लबाडीनें झालेली नसते.

चार्ल्स 1847 मध्यें वारला. तिसरा भाग 1850 मध्यें निघाला, आणि प्रत्यक्ष लेथवरील विवेचनाची वाट पाहणारा वाचक तसाच राहिला. या अवधींतच, 1865 मध्यें, ‘इंग्लिश मेकॅनिक’ हें साप्ताहिक सुरू झालें. वाचकांचा पत्रव्यवहार हें त्याचें जीवित. टोपणनांवानें कोणी कांहीं लिहावें, दुसऱ्यानें तें खोडून काढावें. त्यांत भांडणें फार आणि शिष्टाचार थोडा. तरीहि कोणत्या लांकडावर, किती जाडीवर, किती दिवस काम केलें असें विचारणारा माणूस अखेर तेथेंच भेटूं शकत होता. होल्ट्झापफेल यांचा हातकातकामावरील चौथा भाग पुत्रानें 1879 मध्यें काढला, पांचवा 1884 मध्यें. योजना सहा भागांची होती. सहावा निघालाच नाहीं.