विहिरीतला गाळ काढला, पुढे काय? बेळगावच्या जुन्या विहिरी

राकसकोप, हिडकलचं पाणी नळाने घरात आलं आणि गल्लीतल्या विहिरीवरचा रहाट गेला. मग तिथे निर्माल्य पडू लागले, मागोमाग प्लॅस्टिक. १९९० च्या दशकात टंचाईने शहर हैराण झाले, तेव्हा याच विहिरी उपसून वापरात आणाव्या लागल्या होत्या.

सगळ्यात माहितीतली ती टिळकवाडीची काँग्रेस विहीर. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली इथे अधिवेशन झाले, त्याला आलेल्या लोकांच्या पाण्यासाठी ती खोदली. तिला पंपा सरोवर म्हणत. खर्च नोंदलेला आहे : ४,३७० रुपये ३ आणे. (आमच्यासारख्या कॉमर्सवाल्याची नजर त्या तीन आण्यांवरच जाते.)

विहीर साफ करायला वैशाख बरा, पाणी तळाला गेलेले असते. आधी पंपाने उपसा, मग गाळ. पण माणूस थेट उतरवू नका. कुजलेल्या कचऱ्यामुळे तळाशी विषारी वायू साठतो आणि त्याचा वास येईलच असे नाही. कंदील सोडून बघायची जुनी पद्धत आहे. ज्योत विझली तर उतरू नये हे खरे, पण तेवत राहिली म्हणून धोका नाही असे समजू नये. वायू मोजायचे यंत्र, आत हवा सोडणारा ब्लोअर, कमरेला दोर आणि वर धरायला माणसे हवीतच. दगडी बांधकामातला पिंपळ वरून छाटला तर पुन्हा फुटतो, तो मुळासकट काढून सांधे भरावे लागतात. शेजारच्या गटाराची गळती राहिली तर सगळी मेहनत पाण्यात.

पाणी भरले की ब्लीचिंग पावडर. १,००० लिटरला अडीच ग्रॅम. तीन मीटर व्यास, चार मीटर पाणी म्हणजे सुमारे २८ हजार लिटर, म्हणजे ७० ग्रॅम. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी विहिरीत मिसळायचं आणि तासभर थांबायचं. पाणी गढूळ असेल तर पावडर जास्त लागते. पिण्याआधी तपासणी करून घ्यावी.

आमच्या गल्लीतली विहीर अशीच एकदा साफ झाली. फोटो निघाले. पंप काही बसला नाही, कारण वीजबिल कोण भरणार हेच ठरेना. उपसा नाही म्हटल्यावर पुढच्या गणपतीला पुन्हा हारांचा ढीग. म्हणून बिलाचा विषय गाळ काढण्याआधी मिटवा. आणि वर लोखंडी जाळी बसवाल तर तिला कुलपाचे दार ठेवा; आमच्याकडे नंतर ती जाळीच कापावी लागली.