मास्तर तुरुंगात, शाळा चालू

पुण्याची न्यू इंग्लिश स्कूल म्हटलं की आपल्याला टिळक-आगरकर आठवतात. आज जरा बाकावर बसलेल्या मुलांकडून बघू.

जानेवारी १८८०. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडलेली, टिळक अवघे तेवीस वर्षांचे. मोरोबादादांच्या वाड्यात शाळा भरली. उद्देश दोन: शिक्षण स्वस्त व्हावं आणि ते आपल्या लोकांच्या हाती असावं. पुढे वामनराव आपटे आले, एम. ए. होऊन आगरकर आले. त्या काळी बाहेरगावची गरीब मुलं पुण्यात वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. अशा मुलाला फीचा एकेक रुपया जड.

आता १८८२ बघा. मार्चमध्ये चिपळूणकर गेले, वय बत्तीसच्या आत. मग कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात, १०१ दिवस! तीन खांब नाहीत, तरी शाळा चालली. कारण आपटे आणि बाकीचे मास्तर वर्गात उभे होते. त्यांची नावं आपण घेतो का?

कमी पगारात काम करायचं, हा या मंडळींचा नेम. पण बाहेरची कमाई चालेल का, यावर वाद पेटला आणि १८९० मध्ये टिळक बाहेर पडले. म्हणजे ज्या त्यागावर शाळा उभी राहिली, त्याच्याच हिशेबावरून माणसं दुरावली.

रमणबागेत शाळा आजही भरते. प्रश्नही तोच आहे: स्वस्त शिक्षणाची किंमत मास्तरांनीच किती दिवस मोजायची?