फुलपाखरांचा पत्ता कसा सापडला?

शिरोली एमआयडीसीत शिफ्ट संपवून कानात हेडफोन घालणाऱ्या सगळ्यांसाठी आजचा भाग. प्रश्न साधा आहे: एवढंसं फुलपाखरू हजारो किलोमीटर जातं, हे माणसाला कळलं कसं?

कॅनडात फ्रेड आणि नोरा अर्कहार्ट हे नवरा-बायको होते. मोनार्क फुलपाखरं थंडीत जातात कुठं, हे त्यांना शोधायचं होतं. म्हणून त्यांनी पंखांवर बारीक कागदी लेबलं चिकटवली, आणि १९५२ पासून त्यासाठी लोकांना हाक दिली. हजारोंनी साथ दिली. २ जानेवारी १९७५ ला त्यांचे सहकारी केन ब्रगर आणि कॅटलिना अगुआडो यांना मेक्सिकोच्या डोंगरात फुलपाखरांनी लगडलेली झाडं दिसली. तिथल्या गावकऱ्यांना ती आधीपासून ठाऊक होती. विज्ञानाला पत्ता तेव्हा लागला.

पण ती उत्तरेतनंच आली, कशावरून? जानेवारी १९७६ मध्ये फ्रेड स्वतः तिथं गेले. ओझ्यानं एक फांदी मोडून पडली, आणि तिच्यावरच्या एका फुलपाखराला लेबल होतं! ते लावलं होतं अमेरिकेतल्या मिनेसोटात, एका शिक्षकानं आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी. अडीच हजार किलोमीटरहून लांब.

आता आपल्याकडं या. सी. बी. विल्यम्स यांनी १९३८ मध्ये भारतातल्या स्थलांतराच्या नोंदी मांडल्या, मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये. त्याच जर्नलात २००५ साली कृष्णमेघ कुंटे यांनी दक्षिण भारतातल्या ब्लू टायगर, डार्क ब्लू टायगर, कॉमन क्रो यांच्या स्थलांतरावर लिहिलं. घाटात धो-धो पाऊस सुरू व्हायच्या आधी ती पूर्वेच्या सपाटीकडं निघतात. पाऊस ओसरला की घाटाकडचा परतीचा प्रवास.

आपल्या शिरोलीच्या पश्चिमेला घाट आहे, पूर्वेला सपाटी. म्हणून मला हे महत्त्वाचं वाटतं. जुनी नोंदच नसेल, तर थवे कमी झाले का, वेळ बदलली का, हे उद्या ठरवणार कशावरून?

तर एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या आसपास, एकाच दिशेनं जाणारी फुलपाखरं दिसली, तर नुसता रील काढू नका. तारीख, वेळ, जागा, दिशा आणि दहा मिनिटांत किती गेली, एवढं लिहून ठेवा. त्या पोरांकडं लेबलं होती, तुमच्या खिशात मोबाईल आहे.

भेटू पुढच्या भागात!