क्लिफर्ड, लेडी ॲन
(३० जानेवारी १५९०–२२ मार्च १६७६). सतराव्या शतकातील एक इंग्रज उमराव स्त्री, रोजनिशीकार आणि उत्तर इंग्लंडमधील वंशपरंपरागत जहागिरीची स्वामिनी. पित्याने मृत्युपत्राद्वारे डावललेला आपला वारसाहक्क मिळविण्यासाठी तिने सुमारे अडतीस वर्षे झगडा दिला. पती, धर्मपीठ आणि प्रत्यक्ष राजा यांपैकी कोणाच्याही दडपणाखाली तिने हक्कसोडपत्रावर सही केली नाही. या झगड्याच्या निमित्ताने तिने जमविलेली कागदपत्रे व लिहिलेल्या रोजनिशा इंग्लंडच्या सामाजिक इतिहासाचे, विशेषतः तत्कालीन स्त्रीजीवनाचे, एक महत्त्वाचे साधन मानले जातात.

क्लिफर्ड घराणे उत्तर इंग्लंडमधील मातबर घराण्यांपैकी एक होते. वेस्टमोरलंड परगण्यातील त्यांची जहागीर व तेथील वंशपरंपरागत शेरीफपद ही मूळची व्हिपाँट घराण्याची असून, त्या घराण्याची वारस इझाबेला व्हिपाँट हिचा रॉजर द क्लिफर्ड याच्याशी विवाह झाल्यामुळे ती क्लिफर्डांकडे आली. यॉर्कशरमधील स्किप्टनचा किल्ला रॉबर्ट द क्लिफर्ड याला दुसऱ्या एडवर्डच्या कारकीर्दीत (१३०७–२७) मिळाला. त्याच कारकीर्दीतील एका दस्तऐवजाने, ही मालमत्ता धारकाच्या औरस संततीकडे जावी, मुलगा नसल्यास ती मुलीकडे जावी, असे बंधन घातले होते. म्हणजे ज्या घराण्याने पुढे ॲनला मुलगी म्हणून बाजूला सारले, त्या घराण्याच्या वैभवाचा मोठा भाग मुळात एका मुलीच्या वारशानेच आलेला होता. हा मुद्दा ॲन कधीच विसरली नाही.

तिचा जन्म स्किप्टनच्या किल्ल्यात झाला. तिचा पिता जॉर्ज क्लिफर्ड (१५५८–१६०५) हा कंबरलंडचा तिसरा अर्ल. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या दरबारात तो तिचा मानाचा वीर म्हणून मिरवत असे आणि राणीच्या परवान्याने स्पॅनिश जहाजांवर व वसाहतींवर स्वाऱ्या करीत असे. १५९८ मध्ये त्याने प्वेर्त रीकोतील सान ह्वान हे ठाणे काही काळ जिंकून घेतले. या मोहिमांनी त्याला कीर्ती लाभली. परंतु खर्चाच्या मानाने लाभ अल्प झाल्याने तो कर्जबाजारी झाला. त्याच्या या सागरी उद्योगाचा भारताच्या इतिहासाशीही संबंध येतो. ३१ डिसेंबर १६०० रोजी ईस्ट इंडिया कंपनीला मिळालेल्या सनदेत सभासदांच्या यादीत पहिले नाव त्याचेच आहे. त्याने बांधवून घेतलेले एक मोठे लढाऊ जहाज कंपनीने विकत घेतले व त्याचे ‘रेड ड्रॅगन’ असे नामकरण केले. कंपनीच्या १६०१ मधील पहिल्या सफरीत जेम्स लँकेस्टरचे ते प्रमुख जहाज होते. १६१२ मध्ये सुरतेजवळ सुवाळी येथे टॉमस बेस्टने पोर्तुगीजांशी जी लढाई दिली, तीतही ते होते.

ॲनची माता मार्गारेट (१५६०–१६१६) ही बेडफर्डच्या दुसऱ्या अर्लची कन्या. धर्मनिष्ठ, व्यासंगी व औषधिविद्येची आणि किमयेची आवड असलेल्या या स्त्रीने १५९३ मध्ये स्किप्टनजवळ बीम्झ्ली येथे निराधार विधवांसाठी आश्रम स्थापला. पतीचे बाहेरख्यालीपण व उधळपट्टी यांमुळे पुढे ती दोघे विभक्त राहू लागली. ॲनचे दोन्ही भाऊ बालपणीच वारल्यामुळे तीच एकुलते एक अपत्य उरली. कवी व इतिहासकार सॅम्युअल डॅन्यल हा तिचा शिक्षक होता. त्याच्याकडून तिला इतिहासाची व वाचनाची गोडी लागली. मात्र पित्याने तिला परकीय भाषा शिकू दिल्या नाहीत. तरुणपणी पहिल्या जेम्सची राणी ॲन हिच्या दरबारात तिचा वावर होता आणि बेन जॉन्सनने रचलेल्या दरबारी नृत्यनाट्यांत तिने भाग घेतला होता.

ऑक्टोबर १६०५ मध्ये जॉर्ज क्लिफर्डचे निधन झाले. आपल्या मृत्युपत्रात त्याने सर्व जहागीर धाकटा भाऊ फ्रान्सिस याच्या नावे केली व मुलीसाठी १५,००० पौंड ठेवले. फ्रान्सिसचा पुरुषवंश खुंटल्यास मालमत्ता ॲनकडे यावी, एवढीच तरतूद तिच्या बाजूची होती. अर्लची पदवी पुरुष वारसाकडे जाणार हे उघड होते. परंतु जमिनीच्या बाबतीत दुसऱ्या एडवर्डच्या काळातील बंधन मोडण्याचा अधिकार पित्याला होता काय, हा वादाचा मुद्दा होता. मार्गारेटने पंधरा वर्षांच्या मुलीच्या वतीने तो लढविण्याचे ठरविले. सरकारी दप्तरांतून जुन्या सनदा, वंशावळी व चौकशीचे कागद शोधून त्यांच्या नकला करविण्याचे काम तिने विद्वानांकडून सुरू केले. कज्जेदलालीतून जन्मलेला हा दस्तऐवजांचा संग्रह हीच पुढे ॲनच्या आयुष्यभराच्या कार्याची पायाभरणी ठरली.

२५ फेब्रुवारी १६०९ रोजी ॲनचा विवाह रिचर्ड सॅकव्हिल याच्याशी झाला. दोनच दिवसांनी पिता वारल्यामुळे तो डॉर्सेटचा तिसरा अर्ल बनला. केंट परगण्यातील नोल येथील भव्य वाडा हे तिचे सासर झाले. डॉर्सेट हौशी, रसिक आणि कमालीचा खर्चिक होता. पत्नीच्या दूरवरच्या जमिनींपेक्षा त्यांच्या मोबदल्यात मिळणारी रोकड त्याला अधिक मोलाची वाटे. त्या काळी इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे विवाहित स्त्रीच्या मालमत्तेचा व्यवहार पतीच्या हाती असे. मात्र जमिनीवरील तिचा हक्क कायमचा सोडण्यासाठी तिची संमती लागे. या एका संमतीभोवती पुढील सारा संघर्ष फिरत राहिला. १६१६ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपनेही तिला समेटाचा उपदेश केला. तिने आधी मातेचा सल्ला घेण्याची सवलत मागितली व ती उत्तरेकडे गेली. २ एप्रिल १६१६ रोजी ब्रूमच्या किल्ल्याजवळच्या रस्त्यावर मायलेकींनी एकमेकींचा निरोप घेतला. ती त्यांची अखेरची भेट ठरली. पुढच्याच महिन्यात मार्गारेट वारली.

याच सुमारास डॉर्सेटने पत्नीला नमविण्यासाठी त्यांची दोन वर्षांची कन्या मार्गारेट हिला तिच्यापासून दूर नेले. पुढे पत्नीच्या वैधव्यासाठी राखून ठेवलेले उत्पन्नही त्याने रद्द केले. नोल येथील त्या काळच्या रोजनिशीत तिचे एकाकीपण, रडण्यात गेलेले दिवस, भरतकाम, ग्रंथवाचन व नोकरचाकरांचे बोलणे यांच्या नोंदी शेजारीशेजारी आढळतात. जानेवारी १६१७ मध्ये तिला पहिल्या जेम्ससमोर उभे करण्यात आले. सारा वाद आपल्यावर सोपवावा, अशी राजाने तिला व तिच्या पतीला आज्ञा केली. डॉर्सेटने ती मानली. वेस्टमोरलंडचा त्याग आपण जिवंत असेपर्यंत कोणत्याही अटीवर करणार नाही, असे ॲनने राजाला सांगितले. वाद सर्वस्वी राजावर सोपवू नकोस, असा इशारा खुद्द राणीने तिला दिलेला होता. मार्चमध्ये राजाने तिच्या संमतीविनाच निवाडा दिला. जहागीर फ्रान्सिसकडे राहिली, त्याने २०,००० पौंड द्यावेत असे ठरले आणि त्यांपैकी बहुतेक रक्कम डॉर्सेटच्या वाट्याला आली. फ्रान्सिसचा पुरुषवंश खुंटल्यास ॲनचा हक्क पुन्हा जागा होईल, ही तरतूद मात्र कायम राहिली.

१६२४ मध्ये डॉर्सेट वारला. त्याच्यापासून झालेले तिचे तीन मुलगे शैशवातच दगावले होते. मार्गारेट व इझाबेला या दोन मुली जगल्या. वैधव्यानंतर लगेच तिला देवी आल्या व चेहरा विद्रूप झाला. तरीही १६३० मध्ये तिने पेंब्रुकचा चौथा अर्ल फिलिप हर्बर्ट याच्याशी दुसरा विवाह केला. शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ चा पहिला संग्रह ज्या दोन बंधूंना अर्पण केलेला आहे, त्यांपैकी हा धाकटा. दरबारात त्याचे वजन मोठे होते. परंतु तो शीघ्रकोपी होता आणि हा विवाहही सुखाचा झाला नाही. इझाबेलाचा विवाह आपल्या एका धाकट्या मुलाशी व्हावा, हा त्याचा आग्रह ॲनने मानला नाही. काही वर्षांतच ती दोघे वेगळी राहू लागली.

१६४१ मध्ये चुलता फ्रान्सिस वारला आणि डिसेंबर १६४३ मध्ये त्याचा एकुलता एक हयात पुत्र हेन्री हाही पुरुष वारस न ठेवता मरण पावला. कोणत्याही न्यायालयाने जे दिले नव्हते ते अशा रीतीने वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ॲनला मिळाले. मात्र काही मालमत्ता हेन्रीच्या मुलीकडे राहिली. शिवाय यादवी युद्धामुळे ॲनला लगेच उत्तरेस जाता आले नाही. ती लंडनमध्येच थांबली. तिची सहानुभूती राजपक्षाकडे, तर पती संसदेच्या पक्षात होता. राजपक्षाने लढविलेला स्किप्टनचा किल्ला दीर्घ वेढ्यानंतर १६४५ मध्ये संसदेच्या हाती गेला व नंतर त्याची पाडापाड करण्यात आली. जुलै १६४९ मध्ये तिने लंडन सोडले, ते कायमचेच. पुढच्या वर्षी पेंब्रुक वारला.

आयुष्याची उरलेली सव्वीस वर्षे तिने स्वतःच्या जहागिरीत काढली. स्किप्टन, ॲपलबी, ब्रूम, ब्रफ व पेनड्रॅगन हे किल्ले आणि बार्डनचा बुरुजवाडा यांची तिने दुरुस्ती केली. यांपैकी काही पिढ्यान्‌पिढ्या ओसाड पडलेले होते. स्किप्टन व ॲपलबी येथील चर्चवास्तूंचा जीर्णोद्धार तिने केला. ॲपलबीला तेरा स्त्रियांसाठी आश्रम बांधला. प्रत्येक वास्तूवर तिने आपले नाव, पदव्या व दुरुस्तीचे वर्ष कोरविले. मातेच्या अखेरच्या निरोपाच्या जागी तिने १६५६ मध्ये एक स्तंभ उभारला आणि दरवर्षी २ एप्रिलला ब्रूमच्या गरिबांना चार पौंड वाटण्यासाठी कायमचे दान लावून दिले. ‘काउंटेसचा स्तंभ’ या नावाने तो प्रसिद्ध आहे. स्वतःच्या हक्कांबाबत ती जितकी चिवट, तितकीच कुळांकडील येण्याबाबत कठोर होती. खंड व नजराणे यांवरून वेस्टमोरलंडमधील कुळांशी तिचे दावे वर्षानुवर्षे चालले. जुन्या दस्तऐवजांनी तिला जहागीर मिळवून दिली, त्याच दस्तऐवजांच्या आधारे तिने कुळांवरील आपले हक्कही वसूल केले, ही बाब तिच्या चरित्राचे मूल्यमापन करताना नजरेआड करता येत नाही.

मातेने आरंभिलेला कागदपत्रांचा संग्रह तिने तीन प्रचंड हस्तलिखित खंडांत संकलित करविला. त्यांत क्लिफर्ड व व्हिपाँट घराण्यांच्या सनदा, प्रत्येक पिढीचा वृत्तान्त आणि शेवटी तिचे आत्मचरित्र व वर्षवार नोंदी आहेत. १६४६ मध्ये तिने करवून घेतलेले भव्य त्रिपट चित्र हा याच संग्रहाचा जणू दृश्य भाग होय. त्याच्या मधल्या फलकावर तिचे आईवडील व दिवंगत भाऊ, डावीकडे वारसा हिरावला गेला त्या वेळची पंधरा वर्षांची ॲन आणि उजवीकडे तो मिळाल्यानंतरची प्रौढ ॲन दाखविली आहे. हे चित्र केंडल येथील ॲबट हॉल या कलावीथीसाठी १९८१ मध्ये संपादन करण्यात आले. कार्लाइलचा बिशप एडवर्ड रेनबो याने तिच्या अंत्यविधीच्या प्रवचनात सांगितल्याप्रमाणे, वाचनातील आवडती वचने ती दासींकडून कागदाच्या तुकड्यांवर लिहवून शयनगृहात टाचून ठेवीत असे.

ब्रूमच्या किल्ल्यात ज्या खोलीत तिच्या पित्याचा जन्म व मातेचा मृत्यू झाला होता, तेथेच ती निधन पावली. शेवटच्या दिवसांपर्यंत तिची रोजनिशी चालू होती. ॲपलबीच्या सेंट लॉरेन्स चर्चमध्ये मातेच्या समाधीजवळ तिचे दफन झाले. तिने हयातीतच बांधून घेतलेल्या समाधीवर तिची मूर्ती नाही. घराण्याच्या पिढ्या दर्शविणारी चोवीस मानचिन्हे आहेत. थोरली मुलगी मार्गारेट हिचा विवाह थॅनेटचा दुसरा अर्ल जॉन टफ्टन याच्याशी झाला होता. तिचे चार पुत्र पाठोपाठ थॅनेटचे अर्ल झाले आणि क्लिफर्डांची जहागीर त्या घराण्यात गेली. धाकटी इझाबेला नॉर्दॅम्प्टनच्या अर्लची पत्नी होती. तिचा वंश टिकला नाही. १६९१ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्‌सने क्लिफर्ड ही बॅरन पदवी ॲनचा नातू टॉमस टफ्टन याची असल्याचे मान्य केले. ही पदवी स्त्रीमार्फतही संक्रमित होते, हे तिचे म्हणणे अशा प्रकारे तिच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी ग्राह्य ठरले.

तिच्या नोलमधील रोजनिशीच्या मूळ प्रती आज उपलब्ध नाहीत. नंतरच्या नकलांवरून ती ज्ञात आहे. सॅकव्हिल घराण्यातील लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट हिने ती १९२३ मध्ये प्रसिद्ध केली. १९२८ मध्ये व्हिटाचा पिता वारला, तेव्हा नोलचा वाडा एकुलत्या एका मुलीकडे न जाता तिच्या चुलत्याकडे गेला. ॲनच्या तीन दप्तरखंडांचे संपूर्ण मुद्रण २०१५ मध्ये झाले. ॲनला जहागीर मिळाली ती स्त्रीचा हक्क मान्य झाल्यामुळे नव्हे, तर चुलत्याचा वंश खुंटल्यामुळे. तिच्या प्रयत्नांनी वारसाचा कायदा बदलला नाही. परंतु डावललेल्या मुलीची बाजू सहसा दप्तरात उरत नाही. ॲनने ती स्वतः लिहून, नकलून व दगडावर कोरून ठेवली, यातच तिचे ऐतिहासिक महत्त्व आहे.