विमानापघाताची चौकशी कोणी करावी?

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या मैदानावर उतरले, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३४ साली, जो विमान कायदा झाला त्याचे स्मरण मात्र क्वचितच कोणास असते. वस्तुतः पराक्रमाच्या इतिहासाइतकाच नियमांचा इतिहासही बोधप्रद असतो. अपघातांच्या चौकशीचे नियम करण्याचा अधिकार या कायद्याने सरकारास दिला. मोठ्या अपघातानंतर स्वतंत्र चौकशी न्यायालय नेमता येई, हे खरे. परंतु एरवी परवाने देणारे खातेच चौकशीही करी.

१ जानेवारी १९७८ रोजी सांताक्रूझहून दुबईस निघालेले एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे विमान वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. त्यातील २१३ जणांपैकी एकही वाचला नाही. विमानाचा कल दाखविणारे कप्तानापुढील उपकरण बिघडले होते. खाली काळोखा समुद्र, क्षितिज दिसेना, आणि कप्तानाने विमान डावीकडे कलते केले. चौकशीत उपकरणाचा बिघाड मान्य झाला, तरी मुख्य ठपका कप्तानाच्या हाताळणीवर आला. विमान व उपकरणे बनविणाऱ्या कंपन्यांवर अमेरिकेत झालेले दावेही १९८५ साली फेटाळले गेले.

येथे दोन प्रश्नांचा विवेक केला पाहिजे. दोष कोणाचा, हा न्यायालयाचा प्रश्न. पुन्हा असे घडू नये म्हणून काय करावे, हा चौकशीचा. शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टाने चौकशीचा हेतू हा दुसराच मानला आहे. मात्र ज्या खात्याच्या देखरेखीतच उणीव असेल, ते खाते ती उणीव निःसंकोचपणे कशी दाखविणार?

२२ मे २०१० रोजी मंगळूर येथे १५८ जणांचा बळी गेला. त्या अपघाताची चौकशी एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली झाली. पुढे २०१२ साली विमान अपघात चौकशीसाठी वेगळे कार्यालय स्थापन झाले. १ जानेवारी २०२५ पासून जुन्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आहे. तथापि, नियामक व चौकशी करणारे कार्यालय ही दोन्ही आजही एकाच मंत्रालयाच्या छत्राखाली आहेत.

आमच्या भिवंडीच्या बाजारात विणणाऱ्याच्या शब्दावर ताका खपत नाही. घेणारा तो उलगडून पाहतोच. कापडास लागू असलेला हा साधा न्याय मनुष्याच्या प्राणांस लागू व्हावयास अठ्ठ्याहत्तर वर्षे लागली, आणि तोही अद्याप अर्धाच लागू झाला आहे.